सुलभ आणि सवंग : आकाशवाणीवरील अभिजात संगीताचा प्रश्न

(परभणी जिल्ह्यातील संगीतरसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



ज्या जिल्ह्यात पाऊस वारंवार ओढ देतो, ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे सारे वर्ष कापूस आणि सोयाबीनच्या भावावर तोललेले असते, त्या जिल्ह्यात आकाशवाणीवर बडा ख्याल पुरता ऐकायला मिळत नाही याचे दुःख कोणी करावे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. अभिजात संगीत हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, अशी समजूत आपल्याकडे चांगली रुजलेली आहे. या समजुतीमुळेच अभिजात संगीताचा श्रोता आपली तक्रार दबक्या आवाजात मांडतो आणि ऐकणाराही ती हसण्यावारी नेतो.

वस्तुतः ही तक्रार महानगरातील रसिकापेक्षा परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा अशा गावांतील रसिकाची अधिक आहे. पुण्याच्या रसिकाला १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाची परंपरा आहे. मुंबईच्या रसिकाला सभागृहे आहेत, संगीत मंडळे आहेत, घरगुती बैठका आहेत. नभोवाणीवर काय लागले आणि काय लागले नाही, यावाचून त्याचे फारसे अडत नाही. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या शिक्षकाचे, टपाल कार्यालयातील कारकुनाचे, गावच्या भजनी मंडळातील पेटीवाल्याचे मात्र अडते. त्याच्यापर्यंत थोर गायक पोहोचला तो मुख्यत्वे एकाच वाटेने, आणि ती वाट म्हणजे आकाशवाणी. त्या वाटेवरून येणारा माल हलका होऊ लागला, तर नुकसान नेमके त्याचेच होते.

परभणीपर्यंत पोहोचलेला स्वर

या वाटेचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या संस्थानात होता. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे संस्थानचे एक छोटे केंद्र होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० मध्ये ते केंद्र आकाशवाणीच्या स्वाधीन झाले, पण अल्पावधीतच बंदही झाले. त्यानंतर मराठवाड्याच्या भूमीवर स्वतःचा आवाज उमटण्यासाठी बरीच वर्षे वाट पाहावी लागली. १९६८ मध्ये परभणी येथे आकाशवाणीचे केंद्र उभे राहिले आणि १३०५ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवरून मराठवाड्यातील खेडोपाडी मराठी शब्द व स्वर पोहोचू लागला.

परभणीची भूमी स्वराला अपरिचित नव्हती. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. संत नामदेवांचे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत ते परभणीतच होते. कीर्तन, भजन, भारूड, गोंधळ यांतून सूर आणि लय येथील माणसाच्या अंगी मुरलेली होती. साताेन्यात जन्मलेले आणि परभणीत नोकरी करीत लिहिणारे बी. रघुनाथ यांच्या रूपाने या मातीने मराठीला एक समर्थ कवी व कादंबरीकार दिला. शेजारच्या नांदेडने पंडित नाथराव नेरळकरांसारखा गायक आणि गुरू दिला. उणीव होती ती मोठा कलावंत नित्य कानी पडण्याची. ती उणीव नभोवाणीने भरून काढली.

संगीत शिकणाऱ्याच्या दृष्टीने तर या गोष्टीचे मोल फार मोठे होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना आजही तालुक्यातालुक्यांतून विद्यार्थी बसतात. वादी-संवादी, आरोह-अवरोह, पकड हे सारे त्यांना पाठ असते. परंतु मारवा आणि पूरिया यांचे स्वर एकच असूनही दोन रागांची मुद्रा भिन्न का, हे पुस्तक सांगू शकत नाही. त्यासाठी दोन्ही राग समर्थ कंठातून, सावकाश, पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी राग कागदावर बांधून दिले, पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी संगीत विद्यालयाच्या रूपाने घराघरांत नेले. पण कान घडविण्याचे काम लहान गावांत नभोवाणीनेच केले.

एका गुणाचा उल्लेख क्वचितच होतो, तो म्हणजे वेळेचा. आपल्या रागसंगीतात प्रहराचे शास्त्र आहे. तोडी सकाळची, सारंग मध्यान्हीचा, मुलतानी दिवस कलू लागतानाचा, मारवा संधिकालाचा. जाहीर मैफली बहुधा संध्याकाळी होतात. त्यामुळे सकाळ-दुपारचे राग मैफलीत कमी ऐकू येतात. नभोवाणी मात्र सकाळी, दुपारी आणि रात्री अशा सभांमध्ये चालते. म्हणून परभणीच्या कडक उन्हात, दुपारच्या शांततेत वृंदावनी सारंग ऐकण्याचा योग सभागृहातील श्रोत्यापेक्षा नभोवाणीच्या श्रोत्यालाच अधिक येत असे. प्रहराचे भान टिकविणारी एवढी मोठी दुसरी सार्वजनिक व्यवस्था या देशात झाली नाही.

केसकरांचा प्रयोग आणि त्याचा बोध

अभिजात संगीताला आकाशवाणीवर जे मानाचे पान मिळाले, त्याचे मोठे श्रेय एका मराठी माणसाला जाते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री सारी केंद्रे एकाच वेळी एका थोर कलावंताचे गायन वा वादन ऐकवीत. त्या काळी ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. अशा काळात सामान्य माणसाला सलग दीड तास एक कलावंत ऐकायला मिळणे ही क्रांतीच होती. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने सुरू झाली. कलावंतांची निवड आणि श्रेणी ठरविण्यासाठी कडक चाचणी आली. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या व्यवस्थेच्या अग्रभागी होते. अनेक मान्यवर कलावंतांना ही परीक्षा अपमानास्पद वाटली आणि तिला विरोधही झाला.

या काळाचे केवळ गुणगान करणे न्यायाचे होणार नाही. केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आवर घातला, निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गीते जवळपास नाहीशी झाली. परिणाम काय झाला? देशातील श्रोता सिलोनकडे वळला. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेली अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. हार्मोनियमच्या बाबतीतही असेच झाले. परकीय वाद्य म्हणून १९४० मध्ये तिला नभोवाणीवर बंदी झाली आणि सुमारे तीन दशके ती राहिली. ज्या पेटीवर महाराष्ट्राचे भजन, कीर्तन आणि नाट्यसंगीत उभे होते, तीच पेटी आकाशवाणीच्या स्टुडिओबाहेर ताटकळत राहिली.

तेव्हा सक्तीने अभिरुची घडत नाही, हा त्या प्रयोगाचा एक बोध आहे. परंतु त्याला दुसरीही बाजू आहे. चित्रपटगीतांच्या दारावरील अडसर हटला, तरी राष्ट्रीय कार्यक्रमाचा श्रोता कमी प्रतीचे संगीत मागू लागला नाही. ज्याला गीतमाला हवी त्याला ती मिळाली आणि ज्याला दरबारी कानडा हवा त्याला तोही मिळाला. दोन्ही रुचींना आपापले स्थान होते. बिघाड सुरू झाला तो दरबारीच्या श्रोत्यासाठी राखलेल्या वेळेतच गीतमालेचे निकष लागू होऊ लागले तेव्हा.

तक्रार नेमकी कशाची?

श्रोत्यांच्या नाराजीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. सोपे संगीत लावू नका, असे कोणी म्हणत नाही. भावगीत, भक्तिगीत, चित्रपटगीत यांना त्यांचा वेळ असावा, हे सर्वांनाच मान्य आहे. हा आक्षेप एखाद्या केंद्रावर वा एखाद्या अधिकाऱ्यावरही नाही. आक्षेप आहे तो एका प्रवृत्तीवर. अभिजात संगीत जसे आहे तसे श्रोत्याला झेपणार नाही, असे परस्पर ठरवून त्याची धार बोथट करणारी ही प्रवृत्ती आहे.

ती अनेक रूपांनी प्रकट होते. विलंबित ख्यालाची बढत गंधारापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच स्वर मंदावतो आणि जाहिरात वा घोषणा सुरू होते. राग, ताल आणि साथीदार यांची नावे सांगितली जात नाहीत. कानावर पडलेले काय होते, हे श्रोत्याला कळतच नाही. निवेदक रागाचा उच्चार चुकवतो. सकाळचा राग रात्री लागतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. एखाद्या गीताला रागाचा पुसट स्पर्श असला, की ते ‘शास्त्रीय’ म्हणून सादर होते. तालवाद्यांच्या गजरात बासरीचे चार सूर मिसळले, की त्याला नवे नाव मिळते आणि तीच परंपरा असल्याचे सांगितले जाते. अलीकडे तर रागसंगीताची ओळख ताण घालविणारे, झोप आणणारे, मन शांत करणारे साधन म्हणून करून दिली जाते. मन शांत होत असेल तर उत्तमच. पण ज्या कलेसाठी माणसे तीस-तीस वर्षे तपश्चर्या करतात, तिची किंमत उशीएवढी ठरविणे हा त्या तपश्चर्येचा अवमान आहे.

या साऱ्यामागे एकच गृहीत आहे : लहान गावातील श्रोता अडाणी आहे. मुळात हेच गृहीत चुकीचे आहे. ज्या माणसाने लहानपणापासून रात्रभर कीर्तन ऐकले, ज्याने पूर्वरंगातील तत्त्वचिंतन आणि उत्तररंगातील आख्यान एका बैठकीत पचविले, त्याला चाळीस मिनिटांचा ख्याल जड जाईल, हे कोणत्या आधारावर ठरविले गेले?

सुलभ करणे म्हणजे काय?

येथे दोन शब्दांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. एक शब्द सुलभ, दुसरा सवंग. सुलभ करणारा श्रोत्याचा हात धरून त्याला विषयाच्या उंचीवर नेतो. सवंग करणारा विषयालाच खाली ओढतो आणि श्रोता मात्र आहे तेथेच राहतो.

मराठी माणसाला हे अंतर समजावून सांगण्याची वास्तविक गरज नसावी. प्रवरेच्या तीरावर नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. तत्त्वज्ञान कठीण आहे म्हणून त्यांनी त्यातील काही वगळले नाही. त्यांनी दृष्टान्त वाढविले, उपमा दिल्या, ओवीचा सहज छंद निवडला. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात. श्रोत्याला ते कमी लेखत नाहीत. त्याचा गौरव करतात आणि मग त्याच्याकडून लक्ष देण्याची अपेक्षा ठेवतात. लोकांपर्यंत ज्ञान नेण्याची ही मराठी रीत आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, ते श्रवण ही स्वतःच एक साधना आहे म्हणून.

आकाशवाणीनेही या रीतीने काम केल्याची उदाहरणे आहेत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक, अशी एकूण छप्पन गीते झाली. डॉ. वसंतराव देशपांडे आणि माणिक वर्मा यांच्यासारखे रागसंगीतात मुरलेले गायक त्यात गायिले. गीतांच्या चाली रागांवर उभ्या होत्या. ज्या घरात कोणाला भूप आणि देशकार यांतील भेद ठाऊक नव्हता, त्या घरातही त्या चाली गुणगुणल्या जाऊ लागल्या. लोकप्रियता तर अशी लाभली की तिला तोड नाही. आणि तरीही शब्दाचा वा स्वराचा दर्जा तसूभर खाली आला नाही.

दुसरे उदाहरण ‘विविध भारती’वरील ‘संगीत सरिता’ या कार्यक्रमाचे. अवघी पंधरा मिनिटे. एखादा जाणकार रागाचे चलन समजावून सांगतो, स्वर गाऊन दाखवितो, त्या रागावर आधारलेले चित्रपटगीत ऐकवितो आणि त्यातून रागाकडे नेतो. येथे चित्रपटगीत आहे, वेळही थोडा आहे, पण वाट वर जाणारी आहे. या कार्यक्रमाने देशभरातील असंख्य श्रोत्यांना रागांची ओळख करून दिली.

थोडक्यात सांगणे म्हणजे उथळ सांगणे नव्हे, याचा पुरावा तर पृथ्वीपासून अब्जावधी किलोमीटर दूर प्रवास करीत आहे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ अंतराळयानांवर जी सुवर्ण तबकडी पाठविली गेली, तीत गोमंतकाच्या केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तिची लांबी सुमारे साडेतीन मिनिटे. ध्वनिमुद्रिकेच्या त्या साडेतीन मिनिटांत केसरबाईंनी भैरवीचे पूर्ण रूप उभे केले आहे, कारण त्या अवधीसाठीच ती मांडणी बांधलेली होती. तासाभराच्या ख्यालातून मधलीच तीन मिनिटे कापून काढणे ही निराळी गोष्ट. पहिलीत शिल्प आहे, दुसरीत तुकडा.

सागरापलीकडील अनुभव

ही व्यथा केवळ आपलीच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने २९ सप्टेंबर १९४६ रोजी ‘थर्ड प्रोग्रॅम’ सुरू केला. अभिजात संगीत, नाट्य आणि विचार यांना वाहिलेली ती वाहिनी होती. १९५७ मध्ये तिचे तास कमी करण्याचे ठरताच तिच्या संरक्षणासाठी एक मंडळ उभे राहिले. कवी टी. एस. एलियट आणि संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्यासारखी माणसे त्या आंदोलनाच्या पाठीशी होती. पुढे या वाहिनीचे ‘रेडिओ थ्री’त रूपांतर झाले. १९९२ मध्ये ‘क्लासिक एफएम’ ही व्यापारी वाहिनी आली. लोकप्रिय रचनांचे सुटे भाग आणि खेळकर निवेदन हे तिचे वैशिष्ट्य. सार्वजनिक वाहिनीही त्याच मार्गाने चालली आहे, असे वाटलेल्या श्रोत्यांनी २००३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ रेडिओ थ्री’ ही संघटना स्थापन केली. सिंफनीचा एकच भाग ऐकवून पुढे जाणे, निवेदकांची बडबड, श्रोत्यांचे निरोप वाचण्यात वेळ दवडणे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. २०२४ मध्ये त्याच ‘रेडिओ थ्री’ने विश्रांती देणाऱ्या संगीतासाठी ‘अनवाइंड’ ही स्वतंत्र वाहिनी काढली.

भाषा निराळी, संगीत निराळे, पण तक्रारीचा गाभा परभणीच्या श्रोत्याला परका वाटणार नाही. व्यापारी वाहिनीने व्यापार करावा, याला कोणाची हरकत नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने व्यापाऱ्याचे अनुकरण करावे काय, हा खरा प्रश्न आहे. आणि तेथील श्रोत्यांचा एक गुण घेण्यासारखा आहे : ते घरात कुरकुरत बसले नाहीत. त्यांनी कार्यक्रमांची नोंद ठेवली, लेखी प्रश्न विचारले, उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा केला.

तंत्राने दिले, धोरणाने हिरावले

आपल्याकडील परिस्थितीत एक विचित्र विसंगती आहे. मध्यम लहरीचे प्रक्षेपण दूरवर पोहोचते, शेतातल्या छोट्या संचावरही ऐकू येते, पण त्यात ध्वनीचा पट अरुंद असतो. साधारणतः पाच हजार हर्ट्झच्या वरचे तरंग त्यात गळून पडतात. तानपुऱ्याची जवारी, सतारीचा झंकार, तबल्याच्या चाटीची धार यांचे पूर्ण सौंदर्य त्यातून येत नाही. एफएममध्ये हाच पट पंधरा हजार हर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे रागसंगीतासाठी खरे योग्य तंत्र एफएमचे. परंतु १९९३ पासून एफएमवरील वेळ खासगी निर्मात्यांना विकण्यास प्रारंभ झाला आणि २००१ पासून खासगी एफएम केंद्रेच सुरू झाली, तेव्हा त्या स्वच्छ लहरीवर बहुतांशी चित्रपटगीते आणि चटपटीत गप्पा यांनीच बस्तान मांडले. अभिजात संगीत मात्र खरखरणाऱ्या मध्यम लहरीवरच राहिले. पुढे तेथील श्रोते घटले, म्हणून त्या संगीताला मागणी नाही, असा निष्कर्ष काढणे हा कोणता न्याय?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजे. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम्’ ही चोवीस तास अभिजात संगीताची वाहिनी सुरू केली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे संगीत तीवर असते. उपग्रहावरून घरच्या दूरदर्शन संचावर आणि भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपवर ती ऐकता येते. शिवाय आंतरजालावर तर हव्या त्या गायकाचे हवे ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मग तक्रार कसली?

‘रागम्’चे स्वागतच केले पाहिजे, ते पाऊल योग्य दिशेचे आहे. तरीही स्थानिक केंद्राची जागा ते घेऊ शकत नाही. शोधणाऱ्याला आंतरजालावर सारे सापडते हे खरे. पण काय शोधायचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे काय? नभोवाणीचे सामर्थ्य असे, की न शोधता काही मौल्यवान कानावर येते. बाजारभाव आणि हवामान ऐकण्यासाठी संच लावलेल्या माणसाच्या कानी अवचित भीमपलासी पडतो आणि तो क्षणभर थांबतो. रसिक असाच घडतो. अभिजात संगीताला वेगळ्या वाहिनीच्या देवघरात बसवून इतर घर रिकामे केले, तर नवा श्रोता येणार कोठून?

शिवाय स्थानिक कलावंताचा प्रश्न आहेच. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर येथील गायक-वादकाला चाचणी देऊन श्रेणी मिळते. बी, बी-हाय, ए आणि टॉप असे चढते टप्पे असतात. ती श्रेणी हे त्याचे प्रमाणपत्र आणि त्याच्या साधनेचे ध्येय असते. जवळच्या केंद्रावर गाण्याची संधीच आक्रसली, तर श्रेणीला अर्थ उरत नाही, आणि मग त्या गावातील पुढच्या मुलाला तबला शिकण्याचे कारणही उरत नाही.

२८ एप्रिल २०२३ रोजी देशात शंभर वॅट क्षमतेची ९१ एफएम प्रक्षेपण यंत्रे एकाच वेळी कार्यान्वित झाली. स्वच्छ ध्वनी लहान गावांपर्यंत नेणारी ही योजना आहे. अशा यंत्राचा पल्ला मध्यम लहरीच्या मानाने फारच थोडा असतो हे खरे. पण जेथे ती लहर पोहोचते, तेथे तरी रागसंगीताला त्याच्या हक्काचे तंत्र मिळू शकते. ते मिळणे न मिळणे आता यंत्रावर नव्हे, कार्यक्रम ठरविणाऱ्यांवर अवलंबून आहे.

काय मागावे आणि काय करावे?

केवळ हळहळ व्यक्त करून काही साधत नाही. मागण्या नेमक्या असाव्यात, परवडणाऱ्या असाव्यात आणि पूर्ण झाल्या की नाही हे तपासता येण्याजोग्या असाव्यात.

पहिली मागणी नावांची. प्रत्येक प्रक्षेपणाच्या आधी आणि नंतर राग, ताल, कलावंत आणि साथीदार यांची नावे शुद्ध उच्चारात सांगितली जावीत. यास पैसा लागत नाही. दुसरी मागणी पूर्णतेची. आठवड्यातून निदान एकदा विलंबित आणि द्रुत असा संपूर्ण ख्याल, न कापता, ठरलेल्या वेळी ऐकविला जावा. तिसरी मागणी प्रहराची. सकाळचे सकाळी आणि रात्रीचे रात्री. चौथी मागणी परिचयाची. परीक्षांच्या अभ्यासक्रमातील राग घेऊन सोप्या मराठीत, मराठवाड्याच्या बोलीला परके वाटणार नाही अशा भाषेत लहान कार्यक्रम व्हावेत. पाचवी मागणी संग्रहाची. स्थानिक केंद्रांवर अनेक दशकांत गायिलेल्या आणि वाजविलेल्या कलावंतांची जी ध्वनिमुद्रणे असतील, ती जपली जावीत, त्यांची सूची व्हावी आणि ती पुन्हा ऐकविली जावीत.

या मागण्या उपकार म्हणून करावयाच्या नाहीत. १९९० च्या प्रसार भारती कायद्याने देशाच्या विविध प्रदेशांतील संस्कृती आणि भाषा यांना पुरेसे स्थान देणे हे या संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. श्रोत्याची मागणी त्या कर्तव्याची आठवण आहे. मात्र ती करताना केंद्रांत काम करणाऱ्या माणसांना वैरी मानू नये. अपुरे मनुष्यबळ आणि आटत जाणारा निधी यांतूनही चांगला कार्यक्रम करू पाहणारी माणसे तेथे आहेत. श्रोत्याचे एक नेमके पत्र अशा माणसाच्या हाती वरिष्ठांपुढे ठेवण्यासाठी उत्तम साधन ठरते. चुकीबद्दल लिहावे, तसे चांगल्या कार्यक्रमाबद्दलही लिहावे. आपल्याकडे दुसरे पत्र फारसे लिहिले जात नाही.

शासनावर सारे सोपवून समाजाने निश्चिंत होणे हेही बरे नव्हे. केसकरांच्या हाती सत्ता होती, तरी केवळ सत्तेने अभिरुची घडली नाही. ती घडते घरात, शाळेत, मंडळात. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ जिल्ह्यातील कलावंताच्या गायनाला देता येते. संगीत वर्गाच्या शिक्षकाला आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांसह ‘रागम्’ ऐकता येते आणि ऐकलेल्या रागाची वहीत नोंद करवून घेता येते. ग्रंथालयाच्या एका खोलीत महिन्यातून एकदा सामूहिक श्रवण होऊ शकते. कोणी जाणकाराने आधी पाच मिनिटे समजावून सांगावे आणि मग सर्वांनी तासभर शांतपणे ऐकावे; यास एक संच आणि एक सतरंजी पुरेशी आहे. भजनी मंडळातील पेटीवाल्याला आपण जो अभंग गातो त्याचा राग कोणता, एवढे जरी कळले, तरी त्याच्यापुढे एक मोठे दालन उघडते.

सज्जनहो, श्रोता हा संगीतव्यवहाराचा शेवटचा टप्पा आहे असे मानले जाते. आपल्या परंपरेने तसे मानले नाही. उत्तम श्रोता असला की गायकाचा सूर लागतो, हे प्रत्येक कलावंत जाणतो. नभोवाणीच्या स्टुडिओत गायकासमोर श्रोता नसतो. तेथे त्याला केवळ विश्वासावर गावे लागते. कोठेतरी सोनपेठला, पालमला, मानवतच्या एखाद्या वाड्यात, पाथरीच्या एखाद्या गल्लीत कोणी कान देऊन ऐकत आहे, हा तो विश्वास. मराठवाड्याच्या श्रोत्याने अनेक दशके तो खरा करून दाखविला आहे. त्या श्रोत्याला काय झेपेल, हे त्याला न विचारता ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने तो अधिकार आपल्याकडे परत घ्यावा आणि त्याची सुरुवात एका पोस्टकार्डाने करावी.